लॅमिनेशन केलं की जुनं पत्र टिकतं?

‘पणजोबांचं पत्र लॅमिनेट करून घ्या, मग बघायला नको,’ हा सल्ला जळगाव-धुळ्याकडे आजही सर्रास मिळतो. चुकीचा आहे. लॅमिनेटरचे रोलर १०० अंशांच्या वर तापतात. वितळलेला गोंद कागदाच्या धाग्यांत मुरतो, पुन्हा सुखासुखी निघत नाही. कागद ठिसूळ करणारं त्यातलं आम्ल आतच कोंडतं. फोटोवरचा जिलेटिनचा थर तर उष्णतेने बिघडतोच.

पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या, म्हणजे इंद्रलाल रॉय, श्रीकृष्ण वेलिणकर यांच्या पिढीच्या पत्रांत आणखी एक गोम असते. त्या काळी कॉपिंग पेन्सिल, म्हणजे शिशात रंग मिसळलेली पेन्सिल, फार चालायची. अक्षर करडं दिसतं, पण पाण्याचा थेंब पडला की जांभळं होऊन पसरतं. म्हणून ओलं फडकं नाही, आणि थुंकी लावून पान उलटणं तर मुळीच नाही!

टाचण्या काढा, गंजतात. दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. पत्रं आम्लमुक्त कागदात, फोटो पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा; पीव्हीसी प्लॅस्टिकचं पाकीट फोटोला चिकटतं. पत्र्याखालच्या माळ्यावरची ट्रंक नको, मे महिन्यात तिथे भट्टी असते. मधल्या खोलीतलं कपाट बरं. आधीच लॅमिनेट झालं असेल तर सोलायला जाऊ नका, तसंच स्कॅन करा. लॅमिनेशनची हौस स्कॅनच्या प्रिंटवर खुशाल भागवा.