मयताचा खर्च: आधी वाडी उचलायची, आता एकटं घर

मागच्या वर्षी काका गेले, भांडुपला. तेरावं झाल्यावर आम्ही चुलत भावंडं काकींसमोर हिशोबाला बसलो आणि सगळ्यात आधी काय लक्षात आलं तर स्मशानात खर्च असा झालाच नव्हता. मुंबईत महापालिकेच्या स्मशानात लाकडं पालिकाच देते, त्यामुळे तिथे तिरडीचं सामान, कापड, मडकं एवढंच. मोठे आकडे सगळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे होते. हॉस्पिटलचं शेवटच्या चार दिवसांचं बिल, दहाव्याचं सामान आणि गुरुजी, तेराव्याचं जेवण, गावाहून आलेल्या माणसांची सोय. काकांच्या खात्यात पैसे होते पण खातं एकट्याच्या नावावर, नॉमिनी नाही, म्हणजे स्वतःच्याच अंत्यविधीला त्यांचे स्वतःचे पैसे उपयोगी पडले नाहीत. दादाने क्रेडिट कार्ड काढलं. त्याचे हप्ते अजून चालूच आहेत.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न फिरतोय की आधी लोक हे कसं भागवायचे. आमच्या आजोबांना तर पगार पुरायचा नाही, तरी घरात सहा-सात मयतं झाली आणि त्यासाठी काही विकलं असं कोणी सांगत नाही.

उत्तराचा अर्धा भाग आमच्या वाडीत आहे, संगमेश्वर तालुक्यात. मयत झालं की वाडीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक लाकूड येणार हा नियम, कोणी सांगायला जायचं नाही. सुतकात त्या घरची चूल पेटायची नाही, शेजारचे भाकरी घेऊन यायचे. भावकीतली माणसं तांदूळ, नारळ आणायची, पाहुणे दुखवट्याला लुगडं, टोपी, टॉवेल घेऊन यायचे, आणि कोणी काय आणलं ते वहीत लिहून ठेवायचं कारण त्यांच्याकडे असा प्रसंग आला की तेवढं परत न्यायचं असतं. म्हणजे फंडच होता तो, फक्त पैशात नव्हता. प्रत्येक घर आयुष्यभर थोडं थोडं भरत असायचं आणि आपली वेळ आली की एकदम मिळायचं.

पण हे गोड करून सांगणं बरोबर नाही. देशावरच्या गावांत मयताची खबर परगावी पोचवायची, सरण रचायला लाकडं न्यायची ही कामं वतन म्हणून महारांच्या माथी मारलेली होती आणि त्याच्या बदल्यात काय, तर मढ्यावरचं कापड. गावाचा खर्च कमी होता कारण काही माणसांच्या श्रमाला किंमतच धरली जात नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात बदल करायचं बिल आणलं, महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर ठिकठिकाणी लोकांनी असली कामं सोडली, आणि कनिष्ठ गाववतनं कायद्याने संपली ती १९५८ साली. त्यांनी कामं सोडली ते शंभर टक्के योग्य केलं. त्यानंतर गावाला जो खर्च दिसायला लागला तो खरा खर्च होता, आधी तो दुसऱ्याच्या पाठीवर होता एवढंच.

विधींच्या खर्चावर बोलणारेही आपल्याकडे लवकर झाले. जोतीरावांनी १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला त्यात भटजीशिवाय लग्न आणि भटजीशिवाय अंत्यविधी हा भाग होता, कारण दक्षिणा आणि दानं यातच कुणब्याचं घर बसायचं. त्यांनी १८८७ च्या मृत्युपत्रात आपल्याला जाळू नका, मिठात पुरा असं लिहून ठेवलं होतं, पण १८९० ला ते गेले तेव्हा नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहनच करावं लागलं. टिटवं, म्हणजे मयतापुढे न्यायचं मडकं, धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. मला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते, त्या माणसाने आपल्या मरणाचं काय करायचं ते तीन वर्षं आधी कागदावर लिहून ठेवलं होतं. आपल्या घरात आजही हा विषय काढला की "अभद्र बोलू नको" म्हणतात. पुढे गाडगेबाबा विदर्भापासून गावोगाव कीर्तनात हेच सांगत फिरले, कर्ज काढून सणवार आणि जेवणावळी घालू नका, ते पैसे पोरांच्या शिक्षणाला लावा.

मात्र गरीब माणूस लग्न-मयतात उधळतो म्हणूनच कर्जात बुडतो, हे जे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही आणि ते आजचं बोलणंही नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, दंगे पुणे-नगर भागात पसरले, त्यावर सरकारने कमिशन बसवलं. त्या कमिशनने चक्क लिहिलं की लग्नकार्याच्या खर्चाला उगाच जास्त महत्त्व दिलं जातंय, कर्जाचं मूळ त्यात क्वचितच असतं. सारा, व्याज, पडलेले भाव हे सगळं आधीच गळ्याशी आलेलं असायचं आणि कार्याचा खर्च त्यावर येऊन पडायचा. आणि कायद्याच्या नजरेत तर हा खर्च उधळपट्टी नाहीच, १९२५ चा वारसा कायदा म्हणतो की मयताच्या मालमत्तेतून वाजवी अंत्यविधीचा खर्च सगळ्या कर्जांच्या आधी फेडायचा. आधी अंत्यविधी, मग सावकार.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग गिरणगावात. आजोबा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीसेक माणसं, सगळी आमच्याच पंचक्रोशीतली. तिथे लाकूड कोण आणणार, मुंबईत सगळ्याला रोख लागतं, आणि रोख देणारा म्हणजे पठाण. रुपयाला महिन्याला एक आणा व्याज हा त्या काळचा नेहमीचा दर, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. त्यातून वाचायला लोकांनी वाडीचाच नियम पैशात आणला. ग्रामस्थ मंडळाची महिन्याची वर्गणी, भिशी, आणि मयत फंड. गोव्याच्या लोकांचे धोबीतलावकडचे कूड याच घडणीचे, एका गावाची माणसं, वर्गणी, आपल्या संताचा सण आणि कोणी गेलं तर त्याचं सगळं नीट करायची जबाबदारी.

आमच्या मंडळाची वही काकांकडे होती, हिशोबाच्या दिवशी काकींनी ती काढून दिली. लाल कापडी पुठ्ठा, आत निळ्या शाईत नावं, नावापुढे चार आणे, आठ आणे, आणि मधेच एखादी ओळ "मयत खर्च" म्हणून, त्याखाली लाकडं, कापड, टॅक्सी, गावी तार. तारेचे पैसे वेगळे लिहिलेत प्रत्येक वेळी. ज्यांची वर्गणी थकलेली त्यांच्याही नावावर खर्च टाकलाय, कोणाला थकबाकीसाठी अडवल्याचं कुठे दिसलं नाही.

याची दुसरी बाजूही आहे, जे हात खांदा देतात तेच हात अडवूही शकतात. वाळीत टाकलेल्या घरात मयत झालं की कोणी फिरकायचं नाही, त्या भीतीवर जातपंचायती चालायच्या. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ चा, इतक्या उशिरा.

सरकार यात आलं ते कामगाराच्या वाटेने. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून सुरुवात, मग १९४८ चा राज्य कामगार विमा, त्यात अंत्यविधीचा खर्च १९६६ च्या दुरुस्तीने घातला गेला, आज ती रक्कम जास्तीत जास्त १५,००० रुपये आहे. बांधकाम कामगार मंडळ नोंदणी असलेला कामगार ५० ते ६० या वयात गेला तर घरच्यांना अंत्यविधीसाठी १०,००० देतं. १९९५ पासून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना आहे, दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर एकरकमी २०,०००. कागद जमवून पैसे हातात येईपर्यंत वर्षश्राद्ध येतं ही वेगळी गोष्ट.

पण मला खुपतं ते वय. कुटुंब लाभ १८ ते ५९, बांधकाम मंडळाची नोंदणी १८ ते ६०, वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनज्योती विमा ५५ ला संपतो. सगळ्या योजना कमावत्या माणसाच्या मरणाचा विचार करतात. काका ७४ चे होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते गिरणीत होते, संपानंतर परत घेतलं नाही, विमा गेला, मग आयुष्यभर वॉचमनकी आणि फुटकळ कामं. खोली विकून भांडुपला आले, गावकीची खोली मोडली, मंडळाची माणसं विरार-बदलापूर-पनवेलला पांगली आणि वहीतली शेवटची वर्गणी १९९४ ची आहे. म्हातारपणी येणारं साधं मरण, जे बहुतेक घरांत येतं, त्याला आता ना वाडी आहे ना गिरणी.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो. काकींचं खातं थोरल्या वहिनीसोबत जॉइंट केलं, दोघींपैकी कोणीही किंवा मागे राहील तिला पैसे काढता येतील असं. नॉमिनी टाकले, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी देता येतात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो फक्त पैसे उचलून वारसांना द्यायला बांधलेला, हेही सगळ्यांसमोर बोलून घेतलं म्हणजे नंतर भांडण नको. आणि आठ घरांनी महिन्याला दोनशे रुपये काढायचं ठरवलं.

वही नवीन आणू म्हणत होतो. काकी म्हणाल्या, हिच्यात मागे पानं आहेत की. १९९४ च्या ओळीखाली रेघ मारली आणि पहिलं नाव त्यांनी स्वतःचं लिहायला लावलं.