रस्सीखेचीचा दोर आणि पक्षातले दोन गट

तिकिटं जाहीर झाली की आमच्या तळकोकणात मनोमीलनाच्या बैठका सुरू होतात. रुसलेल्यांना नि जिंकलेल्यांना एका पंगतीत बसवायचं, हात उंचावून फोटो काढायचा, झालं मनोमीलन. कुठे कुठे तर देवळात नारळावर हात ठेवून शपथाही घेतात. शपथेच्या धाकानं माणूस गप्प बसतो, कामाला लागत नाही. आणि पंगतीनं मनं जुळत नाहीत, हे १९५४ सालीच दिसलं आहे.

तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेत ओक्लाहोमात २२ मुलांचं शिबिर घेतलं. वयं अकरा-बारा. दोन गट पाडले, बक्षिसं लावून रस्सीखेचीसारखे सामने ठेवले. थोड्याच दिवसांत झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. एकत्र जेवायला बसवलं तर पोरांनी अन्नच फेकून मारलं. मग शेरीफनी मुद्दाम पाणी बंद पाडलं. बिघाड सगळ्यांनी मिळून शोधला. पुढे जेवण आणणारा ट्रक सुरू होईना. मुलांनी तो दोर लावून ओढला. दोर होता रस्सीखेचीचाच! असे प्रसंग एकामागून एक आले तेव्हा वैर विरघळलं. परतताना पोरं एकाच बसमधून गेली.

शास्त्रात याला 'सामायिक उद्दिष्ट' म्हणतात: दोघांनाही हवं, पण एकट्याला न जमणारं. आमच्याकडे मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ते डोळ्यांनी दिसतं. होडी जाळं अर्धगोल टाकून येते, दोन टोकांचे दोर दोन रांगा ओढतात. एका बाजूनं जोर जास्त लावला की जाळं तिरकं होतं, मासळी निसटते. जाळं जवळ येतं तशा दोन्ही रांगा आपसूक एकमेकींकडे सरकतात.

अमेरिकेत उमेदवारही पक्षांतर्गत मतदानानं, 'प्रायमरी'नं ठरतो. २००८ साली ओबामा आणि हिलरी क्लिंटन महिनोन्‌महिने लढले. नंतर न्यू हॅम्पशरमधल्या 'युनिटी' गावात एकत्र सभा झाली. त्या गावात दोघांना प्रत्येकी १०७ मतं पडली होती. ती सभा म्हणजे पंगतच. खरा दोर पुढे हाती आला: हिलरींनी ओबामांसाठी प्रचार केला, निवडून आल्यावर ओबामांनी त्यांना परराष्ट्रमंत्री केलं.

शेरीफचा १९५३चा प्रयोग मात्र फसला होता. तिथल्या मुलांची आधीच दोस्ती झाली होती. गट पाडूनही ती हाडवैरी होईनात. पक्षातले कार्यकर्तेही वर्षानुवर्षं एकत्र पोस्टर लावलेलेच असतात. तेव्हा नेत्यांनी पंगत राहू द्यावी. वाडीची मतदार यादी एका गटाकडे आणि घरोघर फिरणारी पोरं दुसऱ्या गटाची, एवढं करून बघावं.