सदनिका आपली, जमीन कोणाची?

पुण्यातील कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांतील जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जमिनीचा. नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), मिळकतकराच्या पावत्या असे सारे कपाटात जपलेले असते. पण मिळकत पत्रिका, म्हणजे जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद (प्रॉपर्टी कार्ड), काढली, तर तिच्यावर अनेकदा मूळ जमीनमालकाचेच नाव निघते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार मोबदला घेऊन मालकी हस्तांतरित करणे म्हणजे विक्री. विक्रीच्या नुसत्या करारातून मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. वाडा किंवा मोकळा भूखंड एका खरेदीखताने विकता येई. एकाच जमिनीवर वीस कुटुंबे मजल्यांवर राहू लागली, तेव्हा मात्र जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची, सभासदाकडे सदनिका आणि संस्थेचे भाग राहायचे, अशी रीत रुळली.

घरटंचाईमुळे सदनिकांच्या व्यवहारांत गैरप्रकार वाढत असल्याचे प्रस्तावनेतच नमूद करून राज्याने १९६३ मध्ये मालकी सदनिका कायदा, म्हणजे ‘मोफा’, केला. त्याच्या कलम ११ ने अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन आणि इमारत दस्ताने संस्थेच्या नावे करून देणे, ही प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची, जबाबदारी ठरवली. करारात मुदत ठरलेली नसेल, तर संस्थेच्या नोंदणीपासून ४ महिन्यांत ते करून देणे नियमांनी बंधनकारक केले. कसूर केल्यास ३ वर्षांपर्यंत कैदेचीही तरतूद होती, तरीही हजारो कुटुंबांना हा दस्त मिळाला नाही. माझ्या मते याचे मुख्य कारण आर्थिक आहे : जमीन आपल्या नावे असेतोवर पुढे वाढणाऱ्या चटईक्षेत्रावर (बांधता येणाऱ्या क्षेत्रफळावर) हक्क सांगण्याची वाट मोकळी राहते, आणि घराचा ताबा मिळालेल्या ग्राहकाला त्या कागदाची निकड तेव्हा जाणवत नाही. पुण्यात रुळलेल्या अपार्टमेंट पद्धतीत, १९७० च्या कायद्यानुसार, प्रत्येक सदनिकाधारकाला जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो, मात्र त्यासाठीही स्वतंत्र दस्त नोंदवावा लागतो.

प्रवर्तक दाद देत नसेल तर संस्थेने जायचे कुठे, याचे उत्तर ‘मोफा’तील २००८ च्या दुरुस्तीने दिले. मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्ससाठी) संस्था आता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करू शकते आणि प्रवर्तकाच्या सहीवाचून तिचा हक्क नोंदवला जाऊ शकतो. त्या आदेशानंतरही दस्त नोंदवून, नगर भूमापन कार्यालयात फेरफार करून संस्थेचे नाव मिळकत पत्रिकेवर लावून घ्यावे लागते.