आत्मचित्र (बालवर्गातील)

लहान मुलाने आरशात पाहून किंवा आठवून काढलेले स्वतःचे चित्र. वर्गात त्याला ‘माझे चित्र’ एवढेच म्हणतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत अनेक मुले घरी अहिराणी, तर सातपुड्याकडे पावरी किंवा भिली बोलतात. त्यामुळे हा तास चित्रकलेइतकाच भाषेचाही होतो. आरशाकडे बोट करून ‘हाऊ कोन शे?’ असे विचारले की एरवी गप्प बसणारे मूलही बोलू लागते. ‘डोया’ म्हणजे डोळा, हे बदली होऊन आलेल्या शिक्षकाला बहुधा तेव्हाच कळते.

मूल दीड-दोन वर्षांचे होताच आरशातल्या स्वतःला ओळखू लागते. चित्राला मात्र वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते एक वाटोळे काढते आणि त्यालाच खाली दोन पाय जोडते. धडाचा पत्ताच नसतो. मूल दिसते ते नव्हे, तर ठाऊक असते ते काढते, असे फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. म्हणून हात धरून धड काढायला लावण्यात अर्थ नाही. ते आपोआप येते.

पाचव्या-सहाव्या वर्षी आरसा कामाला येतो. चार-सहा इंचांचा आरसा पुरतो, फक्त कडांना चिकटपट्टी हवी. पहिली पाच मिनिटे वाकुल्या दाखवण्यात आणि काचेवर फुंकर मारण्यात जातात, ती जाऊ द्यावीत. बहुतेक मुले डोळे पार कपाळावर काढतात. हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत आणि डोळ्यांपासून टाळूपर्यंत वीत लावून बघायला सांगितले, तर दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी निघतात, आणि याचे मुलांना फार नवल वाटते. श्रावणात घरी कानबाई या खानदेशी देवीच्या नारळाला डोळे, नाक, नथ लावताना पाहिलेल्या मुलांना चेहरा मांडणे परके नसते.

खरी अडचण रंगाची आहे. खडूंच्या पेटीतल्या फिकट गुलाबी कांडीला सर्रास ‘स्किन कलर’ म्हणतात. सावळे मूल तीच कांडी उचलते, आणि शिक्षकही काही बोलत नाहीत. ही सवय मोडायलाच हवी. गेरू, हळद आणि कोळशाची पूड बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवली की तपकिरी रंगाच्या हव्या तितक्या छटा मिळतात. शेतातली काळी माती फडक्यातून गाळून घेतली तर तीही चालते. प्रत्येकाने थेंबभर रंग मनगटावर लावून पाहायचा. तो कातडीत मिसळून दिसेनासा झाला की जमला. मग बाकावर मनगटाला मनगट लावून ‘तुझा जास्त काया (काळा), माझा कमी’ असे सुरू होते. शिक्षकाने त्या वेळी चेहरा कोरा ठेवला, तर ते तुलनेवरच थांबते, चिडवण्यापर्यंत जात नाही.

राज्याच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे विषय असतात, व्यक्तिचित्र नसते. त्यामुळे हा प्रकार कलाशिक्षकापेक्षा वर्गशिक्षिकेच्या हौसेवरच जास्त चालतो.

चित्राच्या पाठीमागे तारीख टाकून ते जपून ठेवतात. पहिलीतल्या मुलाच्या जूनच्या चित्रात दातांची अख्खी रांग असते. मार्चच्या चित्रात मधोमध काळी खिडकी, आणि बहुतेकदा तीच सर्वांत आधी काढलेली असते.