मार्शमॅलो आणि यशाचे भाकीत: एक खुलासा

पालकसभांतून वर्षानुवर्षे सांगितले जाते, की थांबल्यास दुप्पट मिळेल या बोलीवर समोरची मिठाई (मार्शमॅलो नावाचा मऊ गोड पदार्थ) न खाता पंधरा मिनिटे थांबणारे चार वर्षांचे मूल पुढे हमखास यशस्वी होते, म्हणून मुलांना लहानपणीच एकाग्रतेचे आणि संयमाचे धडे द्यावेत. हा दाखला मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत सुरू केलेल्या प्रयोगांचा आहे. मात्र तेथील बरीचशी मुले विद्यापीठाशी संबंधित घरांतली होती, ही बाब सांगताना सहसा गाळली जाते.

२०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान या संशोधकांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा थांबण्याचा आणि पुढील शैक्षणिक यशाचा संबंध पूर्वीच्या अभ्यासांत दिसला होता त्याच्या निम्माच आढळला, आणि घरची परिस्थिती व मुलाची आधीची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर तोही बराच ओसरला.

गंमत म्हणजे मूळ प्रयोगांत एकाग्रता उपयोगी पडलीच नव्हती. मिठाईकडे टक लावून बसणारी मुले लवकर हरत, तर डोळे झाकणारी, गाणी गुणगुणणारी मुले अधिक वेळ टिकत, आणि ताट नुसते झाकले तरी थांबण्याची वेळ वाढे. २०१३ च्या एका प्रयोगात तर चित्रासाठी चांगले रंग आणून देण्याचा शब्द आधी मोडणाऱ्या मोठ्या माणसासमोर मुले सरासरी तीन मिनिटे थांबली, आणि शब्द पाळणाऱ्यासमोर बारा. एकदा फसलेल्या मुलाने हातचे खाऊन टाकले, तर त्याला उतावळे का म्हणावे?