बारावीला गणित होते का? : पदवी प्रवेशाच्या एका अटीची पार्श्वभूमी

पदवीच्या प्रवेशअर्जात गणिताबद्दल एकच चौकशी असते: बारावीला विषय होता की नव्हता. मुलाला गणित किती येते, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत प्रवेश मिळाल्यावर नवागताची चाचणी होते आणि कोणत्या पायरीच्या वर्गात त्याने बसायचे ते त्यावरून ठरते. तिथे याला 'प्लेसमेंट' म्हणतात. आपल्याकडे प्लेसमेंट म्हटले की डोळ्यांसमोर नोकरी द्यायला आलेली कंपनी येते, त्यामुळे परदेशी निघालेल्या मुलांचा या शब्दापाशी हमखास गोंधळ होतो. पात्रता आणि पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्यातला आजवरचा सगळा वाद पात्रतेभोवती फिरला आणि पातळी बाजूला राहिली, असे माझे मत आहे.

जुना इतिहास थोडक्यात. पोर्तुगीज अमदानीत १८१७ साली लष्करी अकादमी निघाली. १८४१ मध्ये तिच्या जागी गणित व लष्करी शिक्षणाची शाळा आली आणि १८७१ मध्ये लष्कर बरखास्त झाले तेव्हा तीही गेली. ऐपत असलेल्या मराठी घरांतली मुले मॅट्रिकसाठी बेळगाव, पुणे, मुंबई गाठत. मुक्तीनंतर १९६२ पासून इथे महाविद्यालये उघडली, ती मुंबईच्या विद्यापीठाला जोडलेली. त्यामुळे इंटर सायन्सचे (तेव्हाचा पदवीआधीचा वर्ग) 'ए ग्रुप' आणि 'बी ग्रुप'ही मुंबईहून आले: ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र. १९६७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे 'फर्मागुढीला जाणे' (महाविद्यालय तिथे आहे) म्हणजेच इंजिनिअर होणे असा अर्थ घरोघरी रूढ झाला. १९७५ च्या कायद्याने स्वतःचे शालान्त मंडळ आले, १९८५ मध्ये स्वतःचे विद्यापीठ. फाटा तोच राहिला, फक्त आता तो अकरावीच्या दारात, हायर सेकंडरीत आला: पीसीएम की पीसीबी, म्हणजे भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राच्या जोडीला गणित की जीवशास्त्र? सोळाव्या वर्षी मारलेली ही खूण पुढे पुसता येत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्यांना ती माहीत नसते. आमची बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीत इंग्रजीत जातात. कालचा लसावि आज एलसीएम होतो, छेद डिनॉमिनेटर होतो. अपूर्णांकांची घडी नेमकी याच वर्षांत बसायची असते. दहावीत गणिताला घाबरणाऱ्या मुलाला मी तीनचतुर्थांश आणि दोनतृतीयांश यांची बेरीज मराठीत विचारली, तर त्याने बोटाने हवेत छेद समान करून सांगितली. तेच फळ्यावर इंग्रजीत लिहिले की त्याचा हात थांबला. गुणपत्रिकेत यातले काहीही दिसत नाही.

आता अलीकडचे. २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका केल्या, 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक'. अभ्यासक्रम एकच, काठिण्य वेगळे. बेसिक घेणाऱ्याला अकरावीत गणित हवे असेल तर स्टँडर्डची परीक्षा पुन्हा देण्याची अट होती, पण कोरोनाच्या काळात ती सैल केली गेली. पाठोपाठ अकरावी-बारावीला 'उपयोजित गणित' हा वेगळा विषय आला. आपल्याकडे वाणिज्य शाखेचे 'गणित व संख्याशास्त्र' होतेच. म्हणजे प्रवेशअर्जातल्या 'गणित' या शब्दामागे आता तीन-चार वेगवेगळे विषय उभे राहिले.

याच सुमारास, मार्च २०२१ मध्ये, तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामकाने २०२१-२२ च्या मान्यता-नियमांच्या पुस्तिकेत अभियांत्रिकीची पात्रताच बदलली. भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, जीवशास्त्र, शेती, बिझनेस स्टडीज असे चौदा विषय, त्यांतले कोणतेही तीन, आणि एकत्रित ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०). देशभर एकच ओरड उठली: गणिताशिवाय इंजिनिअर! त्यावर खुलासा आला की हे राज्यांवर बंधनकारक नाही, गणिताचे महत्त्व कायम आहे, आणि दार फक्त वेगळ्या वाटेने येणाऱ्यांसाठी उघडले आहे. गोव्यात प्रत्यक्ष काय बदलले? काहीच नाही. पात्रतेचे दार उघडले तरी प्रवेश परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका होतीच. २०२२-२३ च्या पुस्तिकेत यादी आवळली गेली आणि वास्तुकला, फॅशन, पॅकेजिंग अशा मोजक्याच शाखांना सवलत उरली.

ओरड करणाऱ्यांची बाजू मला समजते. पण त्याच पुस्तिकेतल्या एका वाक्याकडे कोणी पुरेसे पाहिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. वेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग यांचे ब्रिज कोर्स (उणीव भरून काढणारे पूल-अभ्यासक्रम) द्यावेत, असे तिथे लिहिले होते. खरा प्रश्न इथे होता. पूल बांधायचा तर आधी नदीची रुंदी मोजावी लागते. पुलाच्या अलीकडे कोण उभा आहे आणि त्याला कुठपर्यंत येते, हे कोण तपासणार? चर्चा 'गणित हवे की नको' इथेच अडकली.

नमुना आपल्या शेजारीच होता. बी. फार्म.च्या २०१४ च्या नियमांनुसार पीसीबीवाला पहिल्या सत्रात 'रेमेडियल मॅथेमॅटिक्स' शिकतो आणि पीसीएमवाला 'रेमेडियल बायॉलॉजी'. पीएच (आम्लतेचे माप) समजायला लॉगरिदम लागतो, औषधाचा अर्धायुकाल ०.६९३ भागिले के (औषध शरीरातून कमी होण्याचा दरांक) असा काढावा लागतो, हे तिथे आधीच ओळखले गेले. पातळी तिथेही मोजली जात नाही, विषयाच्या नावावरूनच ठरते, पण उणीव भरायला निदान वेळापत्रकात तास आहे.

मोजणी म्हणजे रामबाण, असेही नाही. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या सरकारी विद्यापीठ समूहाने २०१८ पासून प्रवेशानंतरची गणित चाचणी बंद केली, कारण बिनश्रेयांकाच्या (पदवीत न मोजल्या जाणाऱ्या) उपचारात्मक वर्गांत मुले अडकून पडत होती. त्याच राज्यातल्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाच्या २०२५ मधील अहवालात उलटे चित्र होते: शालेय पातळीपेक्षा कच्चे गणित असलेल्या नवागतांची संख्या पाच वर्षांत जवळपास तीसपट झाली, आणि त्यांतल्या अनेकांच्या गुणपत्रिकेत गणिताचे गुण चांगलेच होते.

डिसेंबर २०२४ मध्ये उच्च शिक्षणाच्या केंद्रीय नियामकाचा मसुदा आला: बारावीला कोणतेही विषय असोत, संबंधित प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास कोणत्याही शाखेत पदवी घेता येईल. असा नियम असला की 'विषय होता का' हा प्रश्न मागे पडतो.

दरम्यान काही शिक्षक पदवीच्या पहिल्या आठवड्यात वहीच्या सुट्या पानावर पाच-दहा गणिते देतात. त्यातले एक नेहमीचे: १८ टक्के जीएसटी धरून बिल ११८० रुपये, तर वस्तूची मूळ किंमत किती? बरेच जण ११८० चे १८ टक्के वजा करून ९६७.६० लिहितात. ज्यांनी १००० लिहिले त्यांत कधीकधी बारावीला गणित नसलेलीही मुले असतात. त्या पानाची नोंद कुठेच होत नाही. ज्यांचे चुकले त्यांच्यासाठी तास संपल्यावर अर्धा तास काढायचा, आणि तोही पेडणे-काणकोणसारख्या लांबच्या तालुक्यांतल्या मुलांची बस चुकणार नाही अशा बेताने.