नेटवर्कशिवाय सॉकेट

पावसाळ्यात वीज गेली की पाठोपाठ मोबाइलचा टॉवरही बंद पडतो, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोणालाच नवे नाही. मात्र त्यामुळे नेटवर्क प्रोग्रॅमिंगचा अभ्यास थांबतो, असे जे विद्यार्थी मानतात, त्यांचा तो गैरसमज आहे. आपल्याच संगणकावर १२७.०.०.१ या (संगणकाच्या स्वतःकडेच नेणाऱ्या) पत्त्यावर सर्व्हर चालवता येतो, आणि नोड जेएसमध्ये (जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रणालीत) तर पोर्टसुद्धा (जोडणीसाठीचे क्रमांकित दार) न उघडता सर्व्हर व क्लायंट (सेवा देणारा आणि मागणारा भाग) एकाच प्रोग्रॅमच्या मेमरीत एकमेकांशी बोलू शकतात.

नोडमधील सॉकेट, म्हणजे जोडणीचे एक टोक, हा मुळात ड्युप्लेक्स स्ट्रीम (दुहेरी प्रवाह) असतो. त्यात लिहिता येते, त्यातून वाचताही येते, आणि या दोन्ही बाजू परस्परांपासून स्वतंत्र असतात. असे दोन स्ट्रीम घेऊन एकात लिहिलेले दुसऱ्यातून बाहेर पडेल अशी जोडणी केली, की एचटीटीपीच्या (वेबपानांची देवाणघेवाण करणाऱ्या नियमांच्या) सर्व्हरला त्यातील एक टोक खऱ्या जोडणीसारखेच स्वीकारता येते.

यातील कौशल्य मजकूर पोहोचवण्यापेक्षा तो रोखण्यात अधिक आहे. एका टोकाला लिहिलेला तुकडा ‘पुश’ने पलीकडच्या टोकात ढकलला जातो, परंतु ‘लिहून झाले’ असे कळवणारा कॉलबॅक (काम झाल्यावर चालवायचे फंक्शन) लगेच न चालवता पलीकडच्या टोकाकडे राखून ठेवला जातो आणि तिथला वाचक पुढचा मजकूर मागेल तेव्हाच चालवला जातो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतील गाड्या पलीकडे उतरल्याखेरीज नव्या गाड्या चढत नाहीत आणि अलीकडच्या धक्क्यावर रांग वाढते, तसेच हे आहे. ही रांग म्हणजे बफर. तो ठरलेल्या मर्यादेला पोहोचला (नोडची आवृत्ती आणि संगणकाची प्रणाली यांनुसार ती सामान्यतः १६ किंवा ६४ किलोबाइट असते), की ‘राइट’ फंक्शन ‘फॉल्स’ परत करते, आणि बफर रिकामा झाल्यावर ‘ड्रेन’ ही घटना घडते. शून्य लांबीचा तुकडा मात्र वेगळा हाताळावा लागतो, कारण तो ढकलल्याने वाचकाला काहीच मिळत नाही, पुढची मागणी येत नाही आणि कॉलबॅक कायमचा अडकून पडतो. लेखन संपल्यावर पलीकडे ‘नल’ ढकलायचे, म्हणजे तिथे प्रवाहाचा शेवट कळतो.

हे सारे पंचवीस-तीस ओळींत मावते, आणि नोडच्या २२.६.० या आवृत्तीपासून अशी जोडी करून देणारे ‘ड्युप्लेक्सपेअर’ हे फंक्शन तयारच मिळते. एवढ्यासाठी महागड्या ‘क्लाउड लॅब’ची (इंटरनेटवरून वापरायच्या संगणकांची) जाहिरात करणाऱ्या शिकवण्यांना भुलण्याचे कारण नाही. टीएलएसचे (जोडणी सांकेतिक व सुरक्षित करणाऱ्या पद्धतीचे) हस्तांदोलनही, म्हणजे सुरुवातीची ओळखपाळखही, या जोडीवर तपासता येते. मात्र या जोडीत पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) हरवत नाही, खऱ्या अंतराचा विलंब नसतो आणि दुसऱ्या टोकाचा आयपी पत्ताही मिळत नाही; त्यामुळे तुटणाऱ्या जोडणीवर प्रोग्रॅम कसा वागेल, याची चाचणी वेगळीच घ्यावी लागते.